कमान पडली ती तुझ्या हातानं नाही

अंबादास,

तुला जाऊन आज सोळा दिवस झाले आणि मी अजून तुझ्यावर जळतोय. दुसरा कुणी हे लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो. तुझ्या मयतीत उभा राहूनसुद्धा मी जळत होतो. दारात तुला ठेवलं होतं. तुझ्या लेकीनं, रेणुकानं, तुझ्या अंगावर निळी चादर घातली होती, काठ बरोबर छातीवर आणून, एक सुरकुती नाही. येणारा प्रत्येक माणूस म्हणत होता, "किती शांत दिसतोय अंबादास. आत्ता उठेल असं वाटतंय." मी मनात म्हटलं, मी जाईन तेव्हा माझं तोंड उघडं राहिलेलं असणार आणि लोक म्हणतील, चला, लवकर आवरा. ती निळी चादर मी विणलेली होती. ते कुणी विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात तुझी रेणुका वही घेऊन आली. तुझ्या नावानं लहानसं पुस्तक काढायचं म्हणते, गल्लीतल्या आणि कारखान्यातल्या लोकांनी दोन-दोन शब्द लिहून द्यायचे. "मल्लूकाका, पहिलं पान तुमचं." मी तिसरी शिकलेला माणूस, तीही वळसंगच्या शाळेत, निम्मी कानडीत. माझं अक्षर बघून माझी बायको सुगलाबाई म्हणते, ह्यावरनं कोंबडी चालत गेली काय. पण रेणुकाला नाही म्हणता येईना. आणि दोन शब्दांत माझं भागणार नाही.

तू किती गुणी होतास ते बाकीचे लिहितील. मला तुला एकच गोष्ट सांगायची आहे. कारखान्याच्या दुकानातल्या दिवाळीच्या कमानीची. तीन दिवाळ्या झाल्या, ती गोष्ट माझ्या पोटात आहे. तू समोर बसलेला असताना सांगायची होती. सांगितली नाही. आता एकदम सांगितली तर वाचणारे म्हणतील, एवढंच होय? एवढंच नव्हतं. म्हणून जरा मागनं येतो.

तू सोलापुरात चादरीच्या कारखान्यात आलास तेव्हा माझ्या शेजारचा माग तुला दिला. तुझं घर तेलुगू, आजा-पणजा सगळे विणकर, मागाच्या खडखडाटात झोपी जाणारी तुम्ही पोरं. मी ज्वारीच्या रानातनं आलेला. आणि तुला विणता येईना! तुझी चादर एका अंगानं घट्ट, दुसऱ्या अंगानं ढिली. फणीचा ठोका सारखा पडायचा नाही, कारण तू धाग्याकडं बघायचं सोडून फूल कसं उमटतंय ते बघत बसायचास. मुकादम ओरडायचा, "अंबादास, बघायला आलायस का विणायला?" शेवटी मोठ्या मालकांनी तुला मागावरनं काढलं आणि घड्या घालायला बसवलं. घडीचं काम आमच्यात खालचं. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "जा बे, बायकांसंगं घड्या घालत बस." तू हसलास. तुला राग यायचा नाही, त्याचाही मला राग यायचा.

सहा महिन्यांत पुढच्या दुकानाचं रूप बदललं. आधी चादरी कशाही दुमडून फळीवर टाकलेल्या असायच्या, मोराची मान घडीत मोडायची, फुलाचं अर्धं तोंड आत. तू घडी अशी घालायला लागलास की फूल बरोबर मधोमध वर यायचं. गडद रंग खाली, फिका वर. एक फळी बघितली की नजर आपोआप दुसरीवर जायची. रस्त्यानं चाललेली माणसं थांबायला लागली. मोठे मालक गिऱ्हाइकाला सांगायचे, "हे सगळं आमच्या अंबादासचं काम." मी मागं घामानं निथळत उभा. फूल मी विणलेलं. काम अंबादासचं!

चटणीचं तुला आठवतं का? मला रोज आठवतं. दुपारी आम्ही सगळे डबा उघडायचो आणि खायचो. तू आधी वर्तमानपत्राचा कागद पसरायचास, हातानं सपाट करायचास. कडक भाकरीचे चार सारखे तुकडे, मधे शेंगदाण्याच्या चटणीचा ढीग, त्याला बोटानं खळगा करून त्यात तेल, कांदा पाकळ्या करून एका बाजूला, मिरची दुसऱ्या बाजूला. एक दिवस तुझी चटणी संपली म्हणून तू माझ्या डब्यातली घेतलीस. सुगलाबाईनं उखळात कुटलेली. तुझ्या कागदावर मांडलीस आणि चार जणांनी चाखली. काय म्हणाले?

"अंबादासच्या घरच्या चटणीला तोड न्हाय बे."

"आरं, ती माझ्या डब्यातली हाय!"

"मग तुझ्या डब्यात अशी का लागत न्हाय?"

तू पोट धरून हसलास. मी तीन दिवस तुझ्याजवळ जेवायला बसलो नाही. घरी येऊन सुगलाबाईला सांगितलं, तर ती म्हणाली, "तुमी डबा उघडून नुसतं तोंड घालता. जनावर बी वैरण हुंगून खातंय." म्हणजे घरातसुद्धा तूच जिंकलास.

आमच्या थोरलीच्या लग्नात रुखवत मांडायला तुलाच बोलावलं. मी नको म्हणत होतो. मी म्हटलं, भांडी आहेत, लाडू आहेत, पाच चादरी आहेत, ठेवा की टेबलावर. सुगलाबाई म्हणाली, "तुमी ठेवलेलं बघून वरमाई वाटेतनं परत जाईल. अंबादासभावजींना बोलवा." तू आलास. चकल्यांचं चाक केलंस, चादरींच्या घड्या उभ्या करून त्यांचं तुळशीवृंदावन केलंस. व्याही मंडळी जेवण सोडून तिथं उभी. व्याहीबुवांनी मलाच विचारलं, "हे कुणी मांडलं हो?" मी तुझ्याकडं बोट केलं. माझ्या लेकीचं लग्न, माझ्या हातच्या चादरी, आणि मी बोट दाखवणारा माणूस.

आणि आई गेली तेव्हा. हे मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही. तू सोलापुरातनं पहिल्या एसटीनं वळसंगला आलास. मी आत आईपाशी बसलो होतो, बाहेर काय चाललंय मला ठाऊक नाही. बाहेर आलो तर दारातल्या चपला तू ओळीनं लावलेल्या, सगळ्यांची तोंडं रस्त्याकडं. बायकांच्या एकीकडं, पुरुषांच्या एकीकडं, लहान पोरांच्या पुढं. आत रडून बाहेर येणारी माणसं चपला शोधत उभी राहिली नाहीत. पाय घालायची आणि जायची. मी इतक्या मयती बघितल्या, हे कुणाला सुचलेलं बघितलं नाही. मला भरून आलं. आणि तेवढ्यात गावातला एक म्हातारा म्हणाला, "तुझा सोबती लई गुणाचा हाय रे मल्लप्पा." लगेच माझं भरून आलेलं आटलं. आई माझी गेली, नाव तुझं झालं, असं त्या वेळी मनात आलं. मी असाच आहे.

आपलं भांडण एकच होतं, चाळीस वर्षं चाललं. मी म्हणायचो, माल चांगला असला की मांडणीची गरज नाही. माल वाईट असला की मांडणी म्हणजे फसवणूक. तू म्हणायचास, "फसवायचं असतं तर मी वाईट चादर वर ठेवली असती. ठेवतो का?"

"मग चांगली चादर नुसती टाकली तर काय बिघडतंय?"

"काय न्हाय बिघडत. पण माणूस चालता चालता बघतोय बे मल्लू. त्याला थांबवाय लागतंय. थांबला तरच तुझी वीण बघणार."

"देवळात देव मांडून ठेवल्यावरच दिसतोय का?"

"मग रोज हार कशाला घालतात?"

मी उठून मागाकडं गेलो. पण मी मान्य केलं नव्हतं, हेही लिहून ठेवतो.

आता कमान.

त्या दिवाळीला तू चार दिवस खपून ती बांधलीस. खिळा नाही, दोरा नाही, टाचणी नाही, नुसत्या चादरींच्या घड्या. दोन बाजूंना दोन खांब. खाली मरून रंगाची, त्याच्यावर लाल, मग केशरी, मग पिवळी. वर जाता जाता प्रत्येक घडी दोन बोटं आत सरकवलेली, मागच्या बाजूला जड घड्या तोल धरायला, आणि दोन्ही खांब जिथं भेटतात तिथं एकच पांढरी चादर. मधे लक्ष्मीची पूजा मांडायची. मी मागनं येऊन बघितलं, वरपासनं खालपर्यंत. मग मी माझ्या चादरी शोधायला लागलो. माझी चादर मला काठावरनं लांबून कळते. वर एक नाही. मधे एक नाही.

"माझ्या कुटं हायत?"

"खाली."

"खाली का बे?"

"तुझीच चालती खाली. बाकीच्यांची एका अंगाला फुगती, एका अंगाला दबती. तुझी पाटासारखी बसती. तुझ्या चार घड्या नसत्या तर हे उभं राहतच न्हवतं."

"पण दिसत न्हाईत की."

"आता पाया दिसतोय व्हय कुटं?"

"मग तूच जाऊन झोप की खाली!"

दुकानातली माणसं हसली. तू खरं बोलत होतास. चाळीस वर्षं सारखा ठोका टाकणारा माणूस त्या कारखान्यात मी एकटा होतो, आणि ते ओळखणाराही तू एकटा होतास. पण मला वाटलं तू माझी थट्टा करतोयस. मला वाटलं, ह्यानं मला जन्मभर खाली ठेवलं आणि आता सगळ्यांसमोर तसं सांगतोय.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले होते. मी दुकानात आलो. पाडायची नव्हती, अंबादास. सिद्धेश्वराची शपथ घेऊन लिहितो, पाडायची नव्हती. उजव्या खांबाच्या तळातली माझी चादर मी दोन्ही हातांनी धरली आणि वीतभर पुढं ओढली. अर्धं फूल बाहेर आलं. मी मागं सरकून बघितलं. कमान जागची हलली नाही. मला लई बरं वाटलं. म्हटलं, बघू दे आता लोकांना, तळाला कोण आहे. अर्ध्या तासानं मालकीणबाईंनी नेमकी तिथंच झेंडूची टोपली आणून ठेवली. माझं फूल झाकलं गेलं, आणि मी ओढलेली चादर तुला दिसली नाही.

संध्याकाळी पूजा. मालकांचं सगळं घर, पन्नासेक माणसं. आरती चालू होती. आधी वरची पांढरी चादर जरा वाकली. मला वाटलं, वाऱ्यानं असेल. मग उजवा खांब गुडघ्यात मोडावा तसा मोडला आणि सगळी कमान पूजेवर आली. समई आडवी झाली, तेल चादरींवर सांडलं, धाकट्या मालकांनी ओल्या फडक्यानं ज्योत दाबली. कुणाला लागलं नाही. बायका म्हणाल्या, देवीनं वाचवलं.

तू चादरींकडं बघितलंच नाहीस. तू तुझे दोन्ही हात समोर धरलेस, पालथे करून बघितलेस, उताणे करून बघितलेस. मग माझ्याकडं आलास. इतक्या माणसांतनं माझ्याकडंच.

"हात गेले बे माझे, मल्लू."

तेव्हा मला बोलायचं होतं. तोंड उघडलं, आणि तोंडातनं निघालं, "वय झालं आता, अंबादास."

चादर ओढली त्याची माफी कदाचित मिळंल. ह्या बोलण्याची कुठं मागू?

तू तिथून पुढं दुकानात पाऊल टाकलं नाहीस. पुढच्या दिवाळीला मालकांनी दोनदा निरोप धाडला, तू म्हणालास, हात चालत नाहीत. गल्लीच्या गणपतीलाही नाही म्हणालास. दुकानात पुण्याहून शिकून आलेली एक मुलगी मांडणी करायला यायला लागली. तिनं प्लॅस्टिकचे बिनडोक्याचे पुतळे उभे केले आणि त्यांच्या खांद्यांवर चादरी टाकल्या, निळे दिवे सोडले. पोरगी कष्टाळू होती, नाव ठेवत नाही. पण मला वाटलं होतं, तू बाजूला झालास की लोक माझी वीण बघतील. लोक थांबायचेच बंद झाले. चादर घेतात, पिशवीत घालतात, जातात. वर्षभरात माझा मागही भंगारात गेला. शेवटच्या दिवशी मी विणलेली चादर कुणीतरी चार कोपरे गोळा करून गाठोड्यासारखी उचलली. त्या वेळी मला तू पाहिजे होतास. तू तिची घडी नीट घातली असतीस.

मी तुझ्याकडं येत राहिलो. दर शनिवारी यायचो, चहा घ्यायचो, राजकारणावर भांडायचो. दर वेळी ठरवून यायचो की आज सांगायचं. दर वेळी पद्मावहिनी आधी बिस्किटं आणायच्या, मग तू काहीतरी बोलायचास आणि राहून जायचं. खरं म्हणजे राहून जात नव्हतं, मी ठेवत होतो. मला भीती ही की सांगितलं तर तू परत दुकानात जाशील आणि परत तुझं नाव होईल. बघ, असा माणूस तुझा सोबती होता.

शेवटच्या आठवड्यात तू खाटेवर बसून मोसंबी सोलत होतास. फोडी सुट्या केल्यास, बशीत गोल लावल्यास, मधे मिठाची चिमूट. हात जराही हलत नव्हता. तू थांबून त्या बशीकडं बघत राहिलास.

"बघ की मल्लू. हितं जमतंय. तितंच का बरं न्हाय जमलं?"

मी म्हणालो, "मीठ जास्त झालं."

हे तुझ्याशी माझं शेवटचं बोलणं.

हे लिहायला बसण्याआधी मी दोन ठिकाणी जाऊन आलो. पहिल्यांदा तुझ्या घरी गेलो. पद्मावहिनी तांदूळ निवडत होत्या, रेणुका शेजारी. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, चादर, टोपली, वय झालं म्हणालो ते, मोसंबी. रेणुका उठून आत गेली. वहिनींनी सूप खाली ठेवलं.

"भावजी, पहिल्या दिवाळीला ते दिवसभर खिडकीत बसून होते. मला रांगोळीसुद्धा काढू दिली न्हाय. म्हणाले, नको, मोडंल. दुसऱ्या दिवाळीला स्वयंपाकघरातले सगळे डबे उतरवले, पुसले, परत लावले. लई देखणे लावले. मी म्हटलं, किती छान दिसलालंय, एवढं बरं येतंय तर दुकानात जावा की. तर म्हणाले, घरात चालतंय, बाहेर न्हाय चालत."

मी म्हणालो, "वहिनी, मला काय बोलायचं ते बोला."

"मी काय बोलू? मला सांगून तुमचं हलकं होईल. त्यांचं काय?" सूप परत मांडीवर घेतलं त्यांनी. "पन्नास माणसांत पडली न्हवं? तितं जाऊन सांगा."

मी दोन दिवस गेलो नाही. माझ्यासारख्या माणसानं भरल्या दुकानात उभं राहून मी जळत होतो म्हणून सांगायचं? ज्या कारखान्यात माझ्या ठोक्यावर कुणी बोट ठेवलं नाही तिथं? सुगलाबाईला कुठून कळलं कोण जाणे. भाकरी थापता थापता म्हणाली, "अवो, चादर ओढायला गेलता तवा पाय बरोबर चालले. आता काय, मोडलेत?"

काल गेलो. दुपारची वेळ, चार-पाच गिऱ्हाइकं होती. गल्ल्यावर धाकटे मालक, मोबाइल बघत. मी सरळ पुढं जाऊन मोठ्यानं म्हणालो. माझे कान मागानं नेलेत, त्यामुळं माझं मोठ्यानं जरा जास्तच मोठं होतं.

"मालक, ती दिवाळीची कमान अंबादासच्या हातानं पडली न्हाय. मी खालची चादर ओढली होती."

मालकांनी मोबाइलवरनं मान वर केली. "कुठली कमान, मल्लूमामा?"

अंबादास, त्यांना आठवत नव्हतं.

"पूजेत पडली ती. तीन वर्षांमागं. चादरींची."

"हां हां, ते चादरी पडल्या होत्या, ते होय? आम्हाला वाटलं मांजर शिरलं असेल मागनं. आई तर अजून मांजरच म्हणते. त्याचं काय?"

मांजर! त्या घरात कुणी एका दिवसासाठीसुद्धा तुझ्या हातांना दोष दिला नव्हता. सगळ्या सोलापुरात तुझे हात गेले असं म्हणणारे दोघंच होतो, तू आणि तुला ते सांगणारा मी. तू एकदा येऊन विचारलं असतंस, तर हसून म्हणाले असते, मांजर होतं, अंबादास, बांध परत. पण तू विचारणार कसा? तू मला विचारून बसला होतास.

मला काय झालं कळलं नाही. मी मालकांवर ओरडलो. "त्याचं काय म्हणजे? तुमाला ती आठवत कशी न्हाय?" आणि मी सांगायला लागलो. ह्या इथं उजवा खांब होता, ह्या फरशीवर. तळाला मरून, आठ घड्या, त्यातल्या चार माझ्या. त्याच्यावर लाल, कमळाची. प्रत्येक घडीचं फूल बरोबर खालच्या फुलावर, दोऱ्याएवढा फरक नाही. मग केशरी, दोन बोटं आत. मी गल्ल्यावरचा फूटपट्टीचा तुकडा घेऊन हवेत दाखवत होतो. पिवळी कुठं सुरू झाली, पिवळीचा काठ त्यानं आत का घेतला, म्हणजे दिव्याच्या उजेडात रंग तुटू नये. मागं तोल धरायला कुठल्या चादरी होत्या. वरची पांढरी एकच का, दोन का नाहीत. मी बोलत होतो आणि मलाच कळत होतं की त्या कमानीतली एक घडीसुद्धा मी विसरलेलो नाही. चार दिवस मागच्या दारातनं मी चोरून बघत होतो, तुझा प्रत्येक हात. जळणारा माणूस जेवढं नीट बघतो तेवढं कुणीच बघत नाही.

सगळं दुकान थांबलं होतं. गिऱ्हाइकं वळून मी दाखवत होतो त्या रिकाम्या फरशीकडं बघत होती. पुण्याहून शिकून आलेली ती मुलगी पुतळ्याच्या खांद्यावरची चादर हातात धरून तशीच उभी. तिनं विचारलं, "आणि आजोबा, वरची जुळवताना ते आधी डावा खांब पुरा करायचे की दोन्ही बरोबर?" मी सांगितलं, दोन्ही बरोबर. तिनं मान हलवली.

मैंदर्गीची एक बाई होती, लेकीच्या लग्नाच्या चादरी घ्यायला आलेली. डोळे मोठे करून ऐकत होती. म्हणाली, "अव्वा! एवढं देखणं? तुमी केल्तं व्हय ते, काका?"

आता खरं लिहितो. माझ्या जिभेवर "व्हय" आलं होतं. सगळे माझ्याकडं बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्या दुकानात सगळे माझ्याकडं बघत होते. तू नव्हतास, खोटं ठरवायला कुणी नव्हतं. मी फूटपट्टी गल्ल्यावर ठेवली आणि म्हणालो, "अंबादासनं केली होती. पाडली मी."

बाईनं परत त्या रिकाम्या फरशीकडं बघितलं. मग म्हणाली, "मग ते अंबादास कुटं भेटतील? लगीन हाय. मांडायला तेच पाहिजेत."

बघ. सोळा दिवस झाले तरी तुलाच बोलावणं येतंय. मी समोर उभा, धडधाकट, आणि मला कुणी येता का म्हणालं नाही.